लॅबला कुलूप असताना कोडिंग: अनप्लग्डची कार्डं आणि स्क्रॅच, दोन वर्षं वापरून झाल्यावर

मी इंदूरला एका प्रायव्हेट शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवते. दोन वर्षांपूर्वी कम्प्युटरचे सर नोकरी सोडून गेले, सेशन सुरू होऊन महिना झालेला, नवीन माणूस मिळेना, तेव्हा प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या की तुम्ही गणितवाल्या आहात, कोडिंगचा पिरियड तुम्हीच घ्या. आठवड्यात दोन पिरियड, ३५ मिनिटांचे, वर्गात ४२ मुलं, लॅबमध्ये १४ कम्प्युटर आणि त्यातले चालू ११. मला वर्ड आणि एक्सेल सोडून काही येत नव्हतं आणि पहिले काही दिवस रात्री नीट झोप लागली नाही हे खरं सांगते.

तर सीएस अनप्लग्ड (कम्प्युटरशिवायचे खेळ) आणि स्क्रॅच (ब्लॉक जोडून प्रोग्राम करायचं सॉफ्टवेअर) यांचा हा रिव्ह्यू अशा शिक्षकांसाठी आहे ज्यांच्या गळ्यात हा विषय असाच अचानक येऊन पडलाय. आणि बऱ्याच जणांच्या पडणारच आहे, कारण २०२० च्या शिक्षण धोरणात मिडल स्टेजला, म्हणजे सहावी ते आठवीत, कोडिंगच्या ॲक्टिव्हिटी घ्यायच्या असं लिहिलेलंच आहे, आणि आता ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने सांगितलंय की २०२६-२७ पासून तिसरीपासूनच एआय आणि कम्प्युटेशनल थिंकिंग, म्हणजे प्रश्नाचे तुकडे करून पायरीपायरीने सोडवायची पद्धत, येणार. आमच्या तिसरीच्या मॅडमना आत्तापासून धडकी भरलीय, स्टाफरूममध्ये रोज तोच विषय.

आधी जे चाललं नाही ते सांगते. शाळेने एका कंपनीला ट्रेनिंगसाठी बोलावलं होतं, नाव लिहीत नाही. दोन दिवस, आम्ही नऊ शिक्षक, एसी हॉल, आणि पहिल्या दिवशी चहाच्या सुट्टीपर्यंत नुसत्या स्लाइड्स की जग कुठे चाललंय आणि मुलं कशी मागे पडतील. मग त्यांचा ट्रेनर मोठ्या स्क्रीनवर भराभर ब्लॉक, म्हणजे कोडचे रंगीत तुकडे, ओढत गेला, आम्ही मागून तेच ओढत गेलो, कुणाचं मागे राहिलं की तो येऊन स्वतःच माउस हातात घ्यायचा आणि करून द्यायचा. शेवटी सगळ्यांच्या स्क्रीनवर एकसारखा गेम, सगळ्यांना सर्टिफिकेट, ग्रुप फोटो. सोमवारी वर्गात उभी राहिले तर मला आठवेना की कुठला ब्लॉक कशासाठी लावला होता. मुलाचं चुकलं तर काय करायचं, काय विचारायचं, हे त्या दोन दिवसांत एकदाही निघालं नाही, आणि वर्गात तर पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांचं चुकतंच. पैसे शाळेचे गेले, पण मला जास्त वाईट याचं वाटलं की आमच्यातल्या दोघी-तिघींनी तेव्हाच मनात पक्कं केलं की हे आपल्याला येणार नाही, आणि त्या फार चांगल्या शिक्षिका आहेत हो.

मग पावसाळ्यात लॅबच्या भिंतीत पाणी मुरलं, बोर्डातून ठिणग्या यायला लागल्या, इलेक्ट्रिशियनने मेन स्विच पाडला आणि लॅबला कुलूप लागलं. पंधरा दिवस. माझ्याकडे ४२ मुलं, खडू आणि फळा. त्या आठवड्यात शोधता शोधता सीएस अनप्लग्ड सापडलं.

हे आहे काय तर न्यूझीलंडच्या कँटरबरी युनिव्हर्सिटीतल्या टिम बेल आणि त्यांच्या सोबतच्या मंडळींनी १९९० च्या दशकात सुरू केलेलं काम, कम्प्युटरला हातही न लावता कम्प्युटर सायन्स शिकवायचं, पत्त्यांनी, दोरीने, खडूने, पळून, उभं राहून. सगळं फुकट, क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सवर, म्हणजे झेरॉक्स काढा, वाटा, आपल्या भाषेत करा, कुणी काही म्हणणार नाही. मी इंग्रजीतून वाचलं आणि मुलांसाठी हिंदीत स्वतः लिहून काढलं, घरी मराठीत विचार करून मग हिंदीत, आमच्याकडे असंच चालतं.

पहिली केली ती कार्डाची जादू. यासाठी ३६ कार्डं लागतात, दोन्ही बाजूंचा रंग वेगळा. घरी जुन्या लग्नपत्रिकांची पिशवी होती, त्यातल्या मरून पुठ्ठ्याचे तुकडे कापले, एक बाजू मरून, एक पांढरी, खर्च शून्य. वर्गात टेबलं बाजूला केली, एका मुलीला सांगितलं २५ कार्डं पाच बाय पाच लाव, मरून-पांढरं कसंही, तुला वाटेल तसं. तिने लावली. मी म्हटलं हे तर फारच सोपं झालं, थोडं अवघड करू या, आणि उजवीकडे एक उभी आणि खाली एक आडवी ओळ माझी जोडली, झाली सहा बाय सहा. मग पाठ केली. एका मुलाने फक्त एक कार्ड उलटवलं. मी वळले, बघितलं आणि बोट ठेवलं.

वर्गात एकदम शांतता आणि मग आरडाओरडा, "मैडम ने खिड़की के काँच में देखा!" परदा लावला. परत केलं. परत बरोबर. तिसऱ्या वेळी मला वर्गाबाहेर काढलं आणि दाराशी एक पहारेकरी उभा केला. परत बरोबर. मग मात्र कुणी ओरडेना, सगळे जमिनीवर वाकून कार्डांकडे बघत बसले, मागच्या बाकावरची जी मुलं गणिताच्या तासाला डोळे चुकवतात तीही.

गोष्ट अशी आहे की मी जी कार्डं जोडते ती उगाच नसतात, प्रत्येक ओळीत मरून कार्डांची संख्या सम होईल अशी ती लावलेली असतात, आडवं पण आणि उभं पण. एक कार्ड उलटलं की त्याची आडवी ओळ विषम होते आणि उभी ओळ विषम होते, दोन्ही जिथे भेटतात तिथे बोट ठेवायचं. याला पॅरिटी म्हणतात, कम्प्युटरमध्ये माहिती पाठवताना झालेली चूक अशीच पकडतात. सांगायला एक मिनिट लागतं पण मी सांगितलं नाही, दोन पिरियड त्यांना शोधू दिलं, आणि हे न सांगणं मला फार जड गेलं कारण आपल्याला सवयच नसते. दुसऱ्या दिवशी एका मुलीने शोधलं. आणि लगेच दुसऱ्याने विचारलं की मैडम वो कोनेवाला पत्ता, ते आडव्या ओळीच्या हिशोबाने लावायचं की उभ्या? दोन्हींचं उत्तर वेगळं आलं तर? मी गणिताची बाई आणि हा प्रश्न मला पडलाच नव्हता. घरी येऊन बसले, वही काढली, आणि दिसलं की ते कधी वेगळं येऊच शकत नाही, कारण दोन्हीकडून शेवटी तुम्ही त्याच २५ कार्डांतली मरून कार्डं मोजताय. रात्री साडेदहाला मला इतका आनंद झाला की नवऱ्याला उठवून दाखवलं.

आणि दोन कार्डं उलटवली तर? हेही मुलांनीच करून बघितलं. गडबड झालीय एवढं कळतं, पण नेमकी कुठली दोन ते सांगता येत नाही. म्हणजे पद्धतीला मर्यादा आहे आणि ती कुठे आहे हेही त्यांना कळलं.

मग पुढच्या पिरियडला सगळ्यांना आपापलं पुस्तक उलटं करायला लावलं, मागे आयएसबीएन नंबर असतो १३ आकड्यांचा, पहिला आकडा गुणिले एक, दुसरा गुणिले तीन, तिसरा गुणिले एक, असं करत बेरीज करा, ती दहाने पूर्ण भाग जाणारीच येते, शेवटचा आकडा त्यासाठीच बसवलेला असतो. खजुरी बाजारातून आणलेली पुस्तकं सगळ्यांच्या दप्तरात होती, ४२ मुलं गुणाकार करत होती आणि मी काही न सांगता. ज्याची बेरीज चुकली तो नंबरला नाही, स्वतःच्या गुणाकाराला तपासत होता. आधारच्या १२ आकड्यांतला शेवटचा आकडापण असाच तपासणीचा असतो, फक्त त्याची पद्धत जास्त किचकट आहे, तेवढं नुसतं सांगितलं.

अनप्लग्डमधल्या बाकीच्या सगळ्या एवढ्या जमल्या नाहीत. बायनरीची, म्हणजे फक्त ० आणि १ ने आकडे लिहायच्या पद्धतीची, कार्डं चांगली, पाच मुलं उभी करायची, हातात १६, ८, ४, २, १ ठिपक्यांची कार्डं, कुणी दाखवायचं कुणी लपवायचं, ३१ पर्यंत कुठलीही तारीख होते, मुलांना आपापला वाढदिवस करायला फार आवडतं. पण मैदानावरचं सॉर्टिंग नेटवर्क, खडूने मोठा आराखडा काढायचा, सहा मुलं सहा आकडे घेऊन चालत निघतात, गोलात दोघं भेटतात, लहान आकडा डावीकडे मोठा उजवीकडे, आणि शेवटी सगळी ओळीने क्रमात बाहेर पडतात, ते बघायला फार सुंदर आहे पण आखायलाच मला वीस मिनिटं लागली आणि बाकीची ३६ मुलं उन्हात उभी. आता मी हे करते तेव्हा पीटीच्या सरांचा पिरियड जोडून घेते आणि सकाळीच आखून ठेवते, एकाशेजारी एक असे तीन आराखडे. एकदा जमलं की मग विचारा की डावी-उजवी बदलली तर, किंवा शेवटून सुरुवातीकडे चाललो तर काय होईल, तिथे खरी मजा आहे.

दुसरी अडचण म्हणजे त्यातली काही उदाहरणं आपल्या मुलांना लांबची वाटतात. ती बदलायची परवानगी आहे, तर बदला. मी कचऱ्याची गाडी घेतली. इंदूरच्या मुलांना याच्याइतकं जवळचं काही नाही, २०१७ ला शहराचा स्वच्छतेत देशात पहिला नंबर आला तेव्हा ही मुलं दुधाच्या दातांची होती, सकाळी गाडीचं गाणं ऐकून उठलेली, ओला-सुका यांच्या घरात बोलण्यातला शब्द आहे. मी म्हटलं समजा गाडीवर आज माणूस नाही, मशीन आहे, मशीनला डोळे आहेत पण अक्कल नाही, तुम्ही त्याला नियम लिहून द्या की काय कुठल्या डब्यात टाकायचं. एका गटाने लगेच लिहिलं, खाने की चीज़ हो तो गीला, नहीं तो सूखा. मी म्हटलं ठीक, नारळाची करवंटी? खायची नाही, मग सुका. पण घरी आई ओल्यात टाकते. चहाची वापरलेली पावडर? पिशवीसकट टाकलेली उरलेली भाजी? बँडेज? संपलेला सेल? दर वेळी नियम मोडायचा आणि ते परत लिहायचे, खोडायचे, बाण काढायचे. पिरियड संपता संपता त्यांच्या कागदावर सहा डब्यांचा प्रश्नांचा झाडासारखा तक्ता होता आणि वरचा पहिला प्रश्न बदलला होता, आता तो होता की याने कुणाला इजा होऊ शकते का. तो आधी विचारला तर खालचे तीन प्रश्न वाचतात, हे एका मुलाच्या लक्षात आलं. कोडिंग शिकवणाऱ्या लोकांना याच्यापलीकडे काय हवं असतं मला माहीत नाही. जेनेट विंग नावाच्या प्राध्यापक बाईंनी २००६ मध्ये लेख लिहून कम्प्युटेशनल थिंकिंग हा शब्द सगळीकडे नेला, त्यांचं म्हणणं हेच होतं की ही विचार करायची पद्धत वाचन-लेखन-गणितासारखी सगळ्यांना यायला हवी, फक्त कम्प्युटरवाल्यांना नाही.

अनप्लग्डला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो यासाठी की शिक्षकाला उभं राहून नाटक करावं लागतं, आवाज लागतो, जागा लागते, गटातली गप्प मुलं मागे सरकतात आणि त्यांच्याकडे मुद्दाम जाऊन कार्ड त्यांच्या हातात द्यावं लागतं. आणि हे सगळं कम्प्युटरमध्ये कुठे असतं हा धागा तुम्हाला स्वतः जोडावा लागतो, नाहीतर मुलं खेळ म्हणून विसरून जातात.

आता स्क्रॅच. लॅब चालू झाल्यावर हेच घेतलं. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने केलेलं, २००७ पासून आहे, सध्याचं ३.० जानेवारी २०१९ ला आलं, ८ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी. रंगीत ब्लॉक एकमेकांत अडकवायचे, टाइप करायचं जवळजवळ नाही, त्यामुळे स्पेलिंग किंवा कॉमा चुकला म्हणून अडत नाही आणि आमच्यासारख्या वर्गात ही फार मोठी गोष्ट आहे. फुकट आहे. ऑफलाइन ॲप एकदा टाकलं की नेट लागत नाही, अकाउंट लागत नाही. विंडोज १० किंवा पुढचं लागतं एवढं आधी बघून घ्या, आमच्या ११ मधल्या चारवर जुनी विंडोज होती, ती मशीनं मग टायपिंगसाठीच राहिली. म्हणजे सात कम्प्युटर, एकावर सहा मुलं. तीन जण कम्प्युटरवर आणि तीन जण बाजूला कागदावर तोच प्रोग्राम लिहून मग अदलाबदल, असं करते, आणि कागदवाल्यांचा प्रोग्राम जास्त वेळा पहिल्या झटक्यात चालतो.

लूप शिकवायचा होता, म्हणजे तेच तेच परत करणं, आणि मी स्टाफरूममध्ये बसून फ्लोचार्ट काढत होते. डिसेंबर होता, आमच्या संस्कृतच्या ताई शेजारी स्वेटर विणत होत्या, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलीत त्यांची. वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं यात नवीन काय आहे, ही तर वीण आहे." त्यांनी पर्समधून एक छोटी वही काढली, त्यात लिहिलं होतं, ८० टाके, २ सु २ उ ओळभर, अशा १४ ओळी. बस. त्या एका ओळीत सगळा स्वेटरचा खालचा पट्टा. दोन सुलट दोन उलट हा आतला लूप, ओळ संपेपर्यंत, आणि तो आख्खा १४ वेळा हा बाहेरचा. लूपच्या पोटात लूप, जे त्या ट्रेनिंगमध्ये दुसऱ्या दिवशी दुपारी आलं होतं आणि कुणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं. मी म्हटलं ताई तुम्ही कोड लिहिताय. त्या हसल्या नाहीत, विचार करत बसल्या, आणि मग म्हणाल्या की धातुरूपंपण अशीच चालतात नाही का, धातू बदलायचा, प्रत्यय तेच. दुसऱ्या दिवशी मी त्यांना वर्गात घेऊन गेले, सुया-लोकर घेऊन. मुलांनी आधी विणकाम बघितलं, मग फळ्यावर लिहिलं, मग स्क्रॅचमध्ये रिपीटच्या आत रिपीट लावून दोन रंगांच्या ठिपक्यांचा पट्टा काढला. या ताई त्याच, ज्या ट्रेनिंगनंतर म्हणाल्या होत्या की माझं वय झालं. आता दर शनिवारी लॅबमध्ये येऊन बसतात.

स्क्रॅचमधला माझा सगळ्यात आवडता धडा आकृत्यांचा. रेषा काढणारे पेनचे ब्लॉक सुरुवातीला दिसत नाहीत, खाली डाव्या कोपऱ्यात एक्स्टेंशनचं बटन आहे तिथून घ्यावे लागतात, मी पहिल्या दिवशी अर्धा तास शोधत होते म्हणून सांगून ठेवते. चौकोन सगळ्यांना येतो, चार वेळा, १०० पावलं चाल, ९० अंश वळ. मग म्हटलं समभुज त्रिकोण काढा. सगळ्यांनी तीन वेळा, १०० पावलं, ६० अंश लिहिलं, कारण समभुज त्रिकोणाचा कोन ६० हे मीच त्यांना गेल्या महिन्यात पाठ करून घेतलं होतं. स्क्रॅचमध्ये आपण सांगू तशी चालणारी मांजर असते, ती निघाली आणि त्रिकोण बंदच होईना, अर्धवट उघडी वाटी तयार झाली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. एक मुलगा म्हणाला सॉफ्टवेअर खराब आहे.

मी त्याला उठवलं आणि लॅबच्या फरशीवर खडूने त्रिकोण काढला आणि म्हटलं तूच मांजर आहेस, या रेषेवरून चाल. चालला, कोपऱ्यावर थांबला. आता वळ. तो वळला, आणि वळता वळता त्याचे पाय थबकले, म्हणाला मैडम मैं तो बहुत ज़्यादा घूम रहा हूँ. कोन मोजून बघितला तर १२०. आतला कोन ६० पण चालणारा बाहेरून वळतो. त्या मुलाने सॉफ्टवेअरला दोष द्यायचं सोडलं, धावत जाऊन १२० लिहिलं, त्रिकोण बंद झाला. मग बाकीच्यांनी पंचकोन, षटकोन करत करत स्वतःच काढलं की एकूण वळण दर वेळी ३६० भरतं. मी दहा वर्षं बाह्यकोनांची बेरीज फळ्यावर सिद्ध करून दाखवतेय. असं चेहऱ्यावर कधी आलं नव्हतं. सिमोर पेपर्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी १९६७ मध्ये लोगो भाषा केली, नंतर त्यात सांगू तसं चालून रेषा काढणारं कासव आलं, त्यामागे हाच विचार होता की मुलाने स्वतःला कासवाच्या जागी ठेवून चालून बघावं, स्क्रॅच त्याच घराण्यातलं आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी मुलांनी चौकोन दहा-दहा अंश फिरवत ३६ वेळा काढला, रांगोळी झाली, प्रिंट काढून नोटीस बोर्डवर लावल्या.

व्हेरिएबल शिकवताना इंदूरचा सराफा बाजार वापरला. नाव तेच सराफा, दिवसा आत सोनं-चांदी, रात्री आत भुट्ट्याचा किस आणि गराडू. डब्यावरचं नाव बदलत नाही, आतली वस्तू बदलते. एका वाक्यात काम झालं.

स्क्रॅचला चार. एक स्टार गेला कारण मुलं पोशाख बदलण्यात, मांजरीला टोपी घालण्यात आणि आवाज लावण्यात आख्खा पिरियड घालवतात, आणि ब्लॉक उगाच जोडून बघत बसतात की काहीतरी होईल. त्यासाठी मी नियम केलाय की आधी कागदावर लिहा काय होणार, मग हिरवा झेंडा, म्हणजे प्रोग्राम सुरू करायचं बटन, दाबा, मग जे झालं ते शेजारी लिहा. फाइल सेव्ह करण्याचा गोंधळ वेगळा, आमच्याकडे सगळ्यांनी प्रोजेक्ट नावानेच सेव्ह केलं आणि एकाचं काम दुसऱ्याने पुसलं, एक मुलगी रडली. आता वर्ग, हजेरी नंबर, तारीख, असं नाव ठेवायचं हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवतो. ऑनलाइन करायचं असेल तर टीचर अकाउंट मागून घ्या, त्यातून मुलांना ईमेल न देता अकाउंट काढता येतात. आणि पहिली-दुसरीसाठी स्क्रॅच नको, त्यांच्यासाठी स्क्रॅचज्युनिअर वेगळं आहे, ५ ते ७ वर्षांचं, चित्रांचे ब्लॉक, वाचता नाही आलं तरी चालतं, टॅबलेटवर चालतं.

मायक्रोबिटबद्दल थोडंच लिहिते कारण माझ्याकडे एकच आहे, स्वतःच्या पैशाने घेतलेला. छोटा बोर्ड, २५ लाल दिवे, दोन बटनं, हलवलेलं कळतं, दिशा कळते. इंग्लंडमध्ये बीबीसीने २०१६ साली सातवीच्या वर्गातल्या मुलांना लाखोंनी फुकट वाटला होता. हातात धरल्यावर मुलांचे डोळे चमकतात यात शंका नाही. पण ४२ मुलांत एक बोर्ड म्हणजे ४१ मुलं बघत बसणार. मेककोड या त्याचा प्रोग्राम लिहायच्या वेबसाइटवर स्क्रीनवरच खोटा बोर्ड चालतो, तिथे आधी करून घ्या, बोर्ड नसला तरी अर्धं शिकणं होतं. शाळेकडे पैसे असतील तर घ्या, पण कार्डं आणि स्क्रॅच जमल्यानंतरच घ्या असं मी प्रिन्सिपल मॅडमना स्पष्ट सांगितलंय.

परीक्षा कशी घ्यायची हा प्रश्न प्रत्येक शिक्षक विचारतो. मी बेब्रासचे प्रश्न वापरते. २००४ मध्ये लिथुआनियात सुरू झालेली स्पर्धा आहे, बेब्रास म्हणजे त्यांच्या भाषेत बीव्हर, तो धरण बांधणारा प्राणी. भारतात एसीएम इंडिया या कम्प्युटर क्षेत्रातल्या लोकांच्या संस्थेच्या सीएसपाठशाला उपक्रमातर्फे होते. कम्प्युटर येत नसला तरी सोडवता येतात असे कोड्यासारखे प्रश्न, आणि त्यात पाठांतर चालतच नाही. आमच्याकडे जी मुलगी गणितात जेमतेम पास होते तिने पहिल्या वर्षी वर्गात सगळ्यात जास्त सोडवले. तिच्या आईला मी बोलावून सांगितलं, त्या शाळेत फक्त तक्रारीसाठी बोलावतात असं समजून घाबरून आल्या होत्या.

पालकांचं म्हणाल तर पेरेंट्स मीटिंगमध्ये एक बाबा आले की शेजारच्याचा मुलगा ॲप बनवतो, आमचा पत्ते खेळून घरी येतो. मी मुलालाच म्हटलं बाबांना जादू दाखव. त्याने माझ्या टेबलावर ३६ कार्डं मांडली, बाबांनी एक उलटवलं, त्याने ओळखलं. बाबांनी परत करायला लावलं. मागे पालकांची लाइन लागली होती आणि ते गृहस्थ खुर्ची ओढून खाली कार्डं मोजत बसले, मुलगा सांगत नव्हता, म्हणत होता आप सोचो पापा.

तिसरीच्या मॅडमना मी गेल्या आठवड्यात कार्डांचा एक संच दिला, बायनरीची मोठी कार्डं पण दिली. माझ्याकडे मरून पुठ्ठ्याचे अजून दोन संच तयार आहेत आणि कचऱ्याच्या गाडीची हिंदी वर्कशीट आहे, इंदूरमधल्या कुठल्याही शाळेच्या शिक्षकांना हवं असेल तर ओळखीतून निरोप पाठवा, शनिवारी दुपारी दीडनंतर मी आणि संस्कृतच्या ताई लॅबमध्येच असतो, एक पिरियड बसून करून दाखवू. कार्डं परत करताना फक्त मोजून ३६ आणा, एक जरी कमी झालं तर शेवटची ओळ जुळत नाही.